जपानने इंग्रजी का बोलावी?

जपानहून परतलेल्या आपल्या माणसांची एक तक्रार आता सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे. देश स्वच्छ, गाड्या वेळेवर, माणसं नम्र, सगळं छान. पण भाषेचे फार हाल. ‘अहो, कुणाला साधं इंग्रजीसुद्धा येत नाही!’ आमच्या जबलपूरच्या गोरखपुरात गणेशोत्सवात चार मराठी कुटुंबं जमली की हे वाक्य कानावर पडतं. पुण्यात आणि नागपुरातही ते असंच ऐकायला मिळतं. त्यात नवल असतं, थोडी कीव असते आणि या सगळ्याखाली एक ठाम समजूत असते, की चूक जपान्यांची आहे.

ही समजूत साफ चुकीची आहे, आणि मराठी माणसाच्या तोंडी तर ती मुळीच शोभत नाही. तिच्याकडे प्रवासातली किरकोळ कुरकुर म्हणून काणाडोळा करता येत नाही, कारण आपण आपल्या स्वतःच्या भाषेकडे कसं पाहतो हेच त्या कुरकुरीतून उघड होतं.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडू. इंग्रजी ही जगाची भाषा आहे. जो देश परदेशी पाहुण्यांच्या पैशावर हॉटेलं चालवतो त्याला ती आलीच पाहिजे. जपानी लोक ती शिकत नाहीत, म्हणजे ते आळशी तरी आहेत किंवा गर्विष्ठ तरी. त्यांच्या या हट्टापायी शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहतो. आणि जपानी शिकणं आपल्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही, तेव्हा एक तर टूर कंपनीच्या झेंड्यामागे चालावं, नाही तर मोबाइलमधल्या अनुवादावर भागवावं. आता यातला एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा जगाच्या भाषेचा. 2024 साली जपानला 3 कोटी 68 लाखांहून अधिक परदेशी पाहुणे गेले. तोवरचा तो उच्चांक होता. त्यातले जवळपास दोन-तृतीयांश दक्षिण कोरिया, चीन, तैवान आणि हाँगकाँग या चार ठिकाणांहून आलेले होते. भारतातून गेलेले सव्वादोन लाखांच्या थोडे वर. म्हणजे जपानी दुकानदाराच्या दारात आलेल्या दर तीन पाहुण्यांपैकी दोघांची भाषा कोरियन किंवा चिनी. त्याने पाहुण्यांसाठी एखादी भाषा शिकायचीच ठरवली तर ती इंग्रजीच का असावी? ते कोट्यवधी कोरियन आणि चिनी पाहुणे परत जातात, पुन्हा येतात. त्यांचं अडत नाही आणि आपलंच अडतं, हे कसं?

आणि इंग्रजीचा आग्रह धरणारे आपण कोण? 2011 च्या जनगणनेत इंग्रजी येतं असं सांगणारे भारतीय शंभरात दहा-अकरा निघाले. इंग्रजांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं, कचेऱ्या, न्यायालयं आणि विद्यापीठं इंग्रजीत चालवली, तरी ही अवस्था. जपानवर इंग्रजांचं राज्य कधीच नव्हतं. युद्ध हरल्यावर अमेरिकी सैन्याचा ताबा होता, तोही 1945 ते 1952 एवढाच. त्या देशातल्या नूडल्सवाल्याला इंग्रजी येत नाही याचं नवल कसलं? आमच्या गोरखपूर बाजारात एखाद्या जपानी प्रवाशाने इंग्रजीत हळदीचा भाव विचारला तर किती दुकानांत त्याला सरळ उत्तर मिळेल? तिथे इंग्रजी न येणं आपल्याला स्वाभाविक वाटतं आणि टोकियोत तेच दोष ठरतं.

दुसरा मुद्दा पैशाचा. आम्ही पैसे मोजतो, तेव्हा आमच्या सोयीची भाषा मिळालीच पाहिजे. गोरखपुरापासून वीसेक किलोमीटरवर भेडाघाट आहे. पंचवटी घाटावरून नाव सुटते, दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे उभे राहतात आणि नावाडी वल्हं मारता मारता यमक जुळवत बोलायला लागतो. कुठला खडक कशासारखा दिसतो, कुठल्या कड्यापाशी कुठल्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, पाणी कुठे किती खोल आहे, सगळं तालात, अस्सल बुंदेली वळणाच्या हिंदीत. नाशिकहून, कोल्हापुरातून आलेली मंडळी तिकिटाचे पैसे देऊनच त्या नावेत बसलेली असतात. ‘बाबा रे, हे मराठीत सांग’ असं त्यांतलं कुणी म्हणत नाही. त्याने ते मराठीत किंवा इंग्रजीत सांगितलं तर त्यातली गंमत निघून जाईल, हे प्रत्येकाला कळतं. पर्यटक पैसे देतो ते जागेचे, जेवणाचे, गाडीचे. यजमानाची जीभ त्या तिकिटात येत नाही.

शिवाय जपानने पाहुण्यांसाठी काही केलेलंच नाही, हेही खोटं. टोकियोच्या भुयारी रेल्वेत 2004 पासून प्रत्येक स्थानकाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक दिलेला आहे. गिन्झा मार्गावरचं आसाकुसा म्हणजे जी 19. नाव वाचता येवो न येवो, एक अक्षर आणि एक आकडा ज्याला कळतो तो योग्य ठिकाणी उतरतो. मोठ्या स्थानकांवर पाट्या जपानी, इंग्रजी, चिनी आणि कोरियन अशा चार भाषांत असतात. कितीतरी उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटात प्रत्येक पदार्थाची हुबेहूब प्रतिकृती किमतीसह मांडलेली असते. बोट दाखवलं की काम झालं. मुंबईच्या एखाद्या उपनगरी स्थानकावर कोरियन माणसासाठी आपण यातलं काय केलंय?

तिसरा मुद्दा आळसाचा आणि गर्वाचा. जपानी मुलं माध्यमिक शाळेपासून कित्येक वर्षं इंग्रजी शिकतात. 2020 पासून पाचवी-सहावीत तो रीतसर विषय झाला आणि तोंडओळख तिसरीपासून सुरू झाली. इंग्रजीच स्वीकारावी की काय, हा विचारही त्या देशाने केलेला आहे. मोरी आरिनोरी हे मेजी काळातले मुत्सद्दी, पुढे शिक्षणमंत्री झाले. त्यांनी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्रजी आपलीशी करण्याची कल्पना मांडली होती. 2000 साली पंतप्रधान ओबुची यांनी नेमलेल्या आयोगाने इंग्रजीला दुसरी राजभाषा करण्याचा प्रश्न पुन्हा चर्चेला आणला. दोन्ही वेळा वाद झाले आणि जपान जपानीतच राहिला.

का राहिला? कारण जगण्यासाठी त्याला दुसऱ्या भाषेची गरजच पडू दिली गेली नाही. भौतिकशास्त्र, शस्त्रक्रिया, कायदा, यंत्रशास्त्र हे सगळं तिथे जपानीत शिकता येतं, शेवटच्या पदवीपर्यंत. 2008 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तोशिहिदे मासुकावा त्याआधी परदेशी गेलेच नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. स्टॉकहोमला त्यांनी आपलं नोबेल व्याख्यान जपानीत दिलं, आणि जगाने ते भाषांतरातून ऐकलं. इंग्रजी बोलता न येणारा माणूस विश्वाच्या मूलकणांबद्दल जगाला शिकवून गेला. आपण या देशाची कीव करणार?

आपल्याकडे अकरावीला विज्ञान शाखा घेतली की मराठी वर्गाबाहेर राहते. अभियांत्रिकी किंवा वैद्यक मराठीत शिकवण्याचा विषय निघाला की पुस्तकं कुठे आहेत, शब्द कुठे आहेत, नोकरी कुठे मिळेल, असे तीन प्रश्न लगेच पुढे येतात. आमच्या मध्य प्रदेशात 2022 साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली तेव्हाही हेच प्रश्न विचारले गेले. जपानने ही तिन्ही उत्तरं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधली, शब्द घडवले, ग्रंथ लिहिले आणि पुढच्या पिढ्यांना ते सगळं मायबोलीत दिलं. त्या कष्टाचं फळ म्हणजे आज तिथला सामान्य माणूस इंग्रजीवाचून सन्मानाने जगतो. मराठीसाठी आपण जे मागत आलो आणि मिळवू शकलो नाही, ते त्यांनी मिळवलं आहे. ते समोर दिसत असताना आपल्या तोंडून कौतुकाऐवजी तक्रार निघते, याची मला खंत वाटते.

चौथा मुद्दा पोटाचा, आणि तो मी हलका मानत नाही. शाकाहारी माणसाची जपानमध्ये खरोखर पंचाईत होते. पण ती इंग्रजी नसल्यामुळे होते का? क्योतोतल्या एका लहानशा खानावळीत मी आपल्याकडच्या एका गृहस्थांना ‘नो मीट, नो मीट’ असं चढत्या आवाजात सांगताना पाहिलं. म्हाताऱ्या मालकीणबाईंना ‘मीट’ कळलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि भाज्यांचे नूडल्स आणून ठेवले, वर वाळवलेल्या माशाचे पातळ पापुद्रे पसरलेले. गृहस्थ संतापले. बाई गोंधळल्या, कागद-पेन घेऊन आल्या, काय चुकलं ते लिहून दाखवा म्हणून विनवू लागल्या. बाईंचं काय चुकलं होतं? त्यांच्या हिशेबात मांस वेगळं आणि मासा वेगळा. आपल्या कोकणातही मटणाला न शिवणारी आणि मासळीवर जगणारी घरं आहेतच की!

अडचण स्वयंपाकाच्या रीतीची आहे. जपानी जेवणाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पाणी. वाळवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे किंवा समुद्री शेवाळ उकळून ते काढतात, आणि मिसो सूपपासून नूडल्सच्या रश्श्यापर्यंत ते सगळीकडे असतं. वाढणाऱ्याला फर्डं इंग्रजी आलं असतं तरी ते पापुद्रे ताटात पडलेच असते, कारण काय नको हे पाहुण्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. उलट ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही, एवढं एक वाक्य पाठ असतं किंवा जपानी लिपीत लिहून खिशात असतं, तर बाईंनी सरळ सांगितलं असतं की आमच्याकडे तुम्हाला चालेल असं काही नाही, किंवा नुसता भात, टोफू आणि लोणचं वाढलं असतं. पूर्ण शाकाहारी जेवण हवं असेल त्याने कोयासानच्या मठांत मुक्काम करावा. भिक्षूंचं ‘शोजिन र्‍योरी’ म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेलं जेवण तिथे पाहुण्यांना वाढतात. हे कोयासान ज्या वाकायामा प्रांतात आहे त्याच्याशी महाराष्ट्र सरकारने 2013 साली सहकार्याचा करार केला, आणि 2015 साली कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. आपल्यासाठी तो प्रांत काही अनोळखी राहिलेला नाही.

पाचवा मुद्दा, जपानी आपल्याला जमायची नाही. कांजीची चित्राक्षरं अवघड आहेत, दोन हजारांच्या पुढे आहेत, कबूल. पण प्रवाशाला कादंबरी वाचायची नसते. जपानीची ध्वनिलिपी, म्हणजे काना, मूळ सेहेचाळीस चिन्हांची आहे, आणि तिचा क्रम मराठी मुलाला पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटेल : आ, ई, ऊ, ए, ओ; मग का, की, कू, के, को. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासातून जो वर्णक्रम तिकडे नेला त्यावरच हा क्रम बेतलेला आहे. ज्याने बाराखडी घोकली आहे त्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, दोन्ही मराठीसारखंच. प्रश्न विचारताना शेवटी ‘का’ लावायचा : ‘एकी वा दोको देसु का?’ म्हणजे स्टेशन कुठे आहे? यात मराठी जिभेला न पेलणारं काय आहे? खाद्यपदार्थांच्या यादीतले कॉफी, बिअर, करी, आइस्क्रीम असे परके शब्द काताकाना या लिपीत लिहिलेले असतात. ती लिपी आली की निम्मी यादी वाचता येते. दोन महिने रोज अर्धा तास दिला तर एवढं कुणालाही जमतं. सहलीसाठी लाखो रुपये मोजणाऱ्या माणसाकडे अर्धा तास नसतो, हे मी मानायला तयार नाही. पुणे हे देशातलं जपानी शिकण्याचं मोठं केंद्र आहे. तिथे ही भाषा शिकून नोकरीला लागलेली मध्यमवर्गीय घरांतली हजारो मुलंमुली आहेत. ती कुठल्या वेगळ्या मातीची नाहीत.

राहिला मोबाइलचा अनुवाद. तो जरूर वापरावा. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, यंत्रातल्या कोणत्या बटणाने कोणतं कूपन निघतं, हे बघायला तो उत्तम. पण समोरच्या माणसाच्या तोंडापुढे यंत्र धरून त्याला बोलायला लावणं आणि ‘सुमिमासेन’ म्हणून, मान किंचित लववून, मोडकंतोडकं का होईना त्याच्या भाषेत विचारणं, यांत फार फरक आहे. दुसऱ्या रीतीने विचारणाऱ्याला जपानी माणूस हातातलं काम सोडून फलाटापर्यंत पोचवायला येतो, हा अनेकांचा अनुभव आहे. टूर कंपनीच्या झेंड्यामागे जाणाऱ्यांवर माझा राग नाही. वय असतं, प्रकृती असते, पहिलाच परदेश प्रवास असतो. पण बसमध्ये मराठी बोलणारा व्यवस्थापक, जेवणाला पंजाबी हॉटेल आणि खरेदीला विमानतळ एवढा जपान पाहून आलेल्या माणसाने जपान्यांच्या भाषेवर निकाल देऊ नये. त्याची त्या भाषेशी गाठच पडलेली नसते.

आता आमच्या जबलपूरकडे वळतो, कारण या वादात बोलायचा हक्क आम्हाला इथल्या इतिहासाने दिला आहे. भोसल्यांच्या अमलात मराठी माणूस इकडे आला, मग रेल्वेबरोबर आणि तोफगाडीच्या कारखान्याबरोबर आला. 1950 च्या कायद्याने जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला, उच्च न्यायालय जबलपूरला आलं, आणि इथला मराठी माणूस निव्वळ हिंदी राज्यात राहिला. त्याने काय केलं? ‘भाषेचे हाल’ म्हणून रडत बसला का? त्याने घरात मराठी सांभाळली, बाहेर हिंदी उचलली, भाजीवाल्याशी बुंदेली ढंगात घासाघीस करायलाही तो शिकला. त्यात त्याला कधी अपमान वाटला नाही. ज्याच्या गावात राहायचं त्याच्या भाषेत बोलायचं, ही साधी माणुसकी आहे असं आमच्या आजोबांच्या पिढीने मानलं. या शहराचे खासदार सेठ गोविंददास संविधान सभेत आणि लोकसभेत इंग्रजीच्या जागी हिंदी यावी म्हणून आयुष्यभर भांडले. त्याच शहरातून निघालेल्या माणसाने क्योतोच्या खानावळीत इंग्रजीचा आग्रह धरावा?

आणि महाराष्ट्रातल्या आपल्या बांधवांना तर मी थेट विचारतो. मुंबईत वर्षानुवर्षं राहून मराठीचा एक शब्द न शिकणाऱ्याबद्दल तुम्ही काय बोलता? बँकेच्या खिडकीवर, रेल्वेच्या फलाटावर, दुकानाच्या पाटीवर मराठी असावी म्हणून तुम्ही भांडता, आणि रास्त भांडता. मग तुमचं तत्त्व विमानात बसल्यावर बदलतं कसं? आठ दिवसांचा पाहुणा आणि कायमचा रहिवासी यांत फरक आहे, हे मान्य. रहिवाशाने भाषा शिकावी, पाहुण्याने निदान चार शब्द शिकावेत, फरक एवढाच. पण यजमानाने पाहुण्याची भाषा शिकावी, तीही पाहुण्याची स्वतःची नसलेली तिसरीच भाषा, हे कुठल्या न्यायात बसतं?

भाषा नसली म्हणून कामं अडत नाहीत, हेही जबलपूरनेच पाहिलं आहे. इथल्या व्हीकल फॅक्टरीत फौजेसाठी ‘जोंगा’ ही गाडी वर्षानुवर्षं बनली. तिचा मूळ आराखडा जपानच्या निस्सान कंपनीच्या पॅट्रोल गाडीचा. इथल्या फिटरला जपानी येत नव्हतं, म्हणून गाडी बनायची राहिली नाही. आणि ज्याला त्या देशात मुळं रुजवायची होती त्याने भाषाही शिकून घेतली. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 साली टोकियोच्या एदोगावा भागाच्या परिषदेत निवडून आले. मतदारांशी ते त्यांच्याच भाषेत बोलले.

एका बाबतीत मी तक्रारदारांशी सहमत आहे. रुग्णालयात, भूकंपात, पोलीस चौकीत परक्या माणसाला त्याला कळेल अशा भाषेत मदत मिळाली पाहिजे, कारण तिथे जिवाचा प्रश्न असतो. पण याचीही सोय जपानने केलेली आहे. त्यांच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेची मदतवाहिनी चोवीस तास इंग्रजी, चिनी आणि कोरियनमध्ये उत्तर देते. जिवावर बेतलं तर यजमानाने पाहुण्याची भाषा शोधावी. नूडल्स मागवायला मात्र पाहुण्याने यजमानाची भाषा शोधावी.

तेव्हा जपानला निघणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझं सांगणं आहे. व्हिसाचा अर्ज भराल त्याच दिवशी कानाचा तक्ता भिंतीवर लावा. नमस्कार, क्षमा, आभार, किती, कुठे आणि ‘हे चालत नाही’ एवढं बोलायला शिका. आपल्या आहाराची चिठ्ठी जपानीत लिहून घ्या. आणि परत आल्यावर ‘त्यांना इंग्रजी येत नाही’ असं म्हणण्याआधी स्वतःला विचारा, मला जपानी किती येत होतं? जपानमध्ये भाषेची अडचण होते ती न शिकता गेलेल्या पाहुण्याची, आणि ती दूर करण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. आपल्या देशात आपल्या भाषेत जगण्यासाठी जपानी माणसाने कुणाचीही माफी मागायची गरज नाही, आणि महाराष्ट्रात मराठी माणसालाही नाही.